खंडूआबांचा रुसवा

हल्ली लग्नात कुणी जेवून मोठ्यानं ढेकर दिला की शेजारची माणसं तोंड फिरवतात. परवाच एका म्हाताऱ्या गृहस्थांनी दिला, तर त्यांच्या सुनेनं असे डोळे वटारले की बिचाऱ्यांनी ताकाची वाटी तशीच खाली ठेवली. मला त्यांना सांगावंसं वाटलं, द्या हो अजून एक, कुणाचं काय जातंय! सांगितलं नाही. माझंही वय झालंय, लोकांनी दोघांनाही एकाच माळेत ओवलं असतं. पण घरी येईपर्यंत खंडूआबांची इतकी आठवण आली की कुणाशी धड बोलवेना.

खंडूआबा तलवाड्याला आमचे शेजारी. तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि मी नवी सून होते. आमच्या घराला त्यांचं घर भिंतीला भिंत लागून. बायको केव्हाच गेलेली, मूलबाळ नाही, शेत आमच्या शेताच्या बांधाला, त्यामुळे संध्याकाळची भाकरी बहुतेक आमच्याकडेच. नातं असं काही नव्हतं, पण गावकीच्या हिशेबानं ते माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ लागत. म्हणून सासूबाई त्यांच्यासमोर पदर नाकापर्यंत ओढायच्या आणि त्यांच्याशी एक शब्द बोलायच्या नाहीत. काही सांगायचंच झालं तर भिंतीला सांगायच्या, "कालवन गरम हाय म्हनावं, तोंड पोळंल." आबाही भिंतीकडे बघूनच म्हणायचे, "व्हय म्हनावं, फुकून खातो." मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा हसू दाबता दाबता माझ्या हातातली परात पडली होती.

माणूस उंच, काटकुळा, आणि त्या काटकुळ्या अंगावर एक छोटंसं गोल पोट, कुणीतरी दुसऱ्याचं आणून बसवल्यासारखं. त्या पोटाशी आबांचं बोलणं चालायचं. बसल्या बसल्या हात फिरवत म्हणायचे, "काय रं, काय म्हनतोस?" कनवटीला पितळेची एक डबी. तिच्यात ओवा, सैंधव आणि नावाला हिंग. गावात कुणाचंही पोट गुबारलं की आबांची डबी उघडायची. देताना प्रश्न एकच विचारायचे आणि तोही चावडीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात: "वारा सरला का?"

बायाबापड्या लाजून चूर व्हायच्या. पोरं खिदळायची. आबांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. "पाव्हना जायला निघाला की आडवू नये बे," ते हसणाऱ्यांना सांगायचे. "आडवला की त्यो मुक्काम करतो. मग घरच्यांचे हाल."

मला स्वतःला त्या डबीची ओळख फार लवकर झाली. सासरी येऊन थोडेच दिवस झाले होते. शेतात सगळ्यांबरोबर ओल्या शेंगा खाल्ल्या, वर लाजेपायी दिवसभर परसाकडं जायचंही टाळलं. संध्याकाळी पोट असं तट्ट फुगलं की वाकून चूल फुंकता येईना. कुणाला सांगणार? आबा जेवायला बसले होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, डबीतला ओवा चिमटीत घेतला, ताटाच्या कडेला ठेवला आणि भिंतीला म्हणाले, "सूनबाईला म्हनावं, ताट उचलायच्या आदी ह्ये खा. आन अंगनात चकरा मार. आमी कुनी अंगनात बगत न्हाई." त्या दिवशी मोठ्यानं प्रश्न न विचारल्याबद्दल मी त्यांना कायमची बांधली गेले.

पंगतीतला त्यांचा मान तर विचारू नका. आमच्या भागात गव्हाची खीर असो की गुळवणी, यजमानाच्या बायकांना तारीफ शब्दांत नको असे, ढेकरात हवी असे. आणि ढेकर द्यावा तर आबांनीच. पहिला पाट त्यांचा. पानावरचं शीत न् शीत संपवून ते हातावर पाणी घ्यायचे, मग डावा हात पोटावर ठेवून मांडवाच्या छताकडे बघायचे. पुरुष बोलायचे थांबत. दाराआड बायका एकमेकींना गप्प करत. आणि मग तो यायचा, सावकाश, भरदार, कुठल्याही घाईशिवाय. तो येईपर्यंत पंगत उठत नसे. "हिंग बरोबर पडलाय," आबा सांगायचे, "घरात सुगरन हाय." आत कुणाचा तरी चेहरा उजळायचा. लग्नघरची बाई तेवढ्यावर वर्षभर तोरा मिरवी.

एकदा पिकं पाहायला गेवराईहून महसूलखात्याचे गिरदावरसाहेब आले होते. हे मी पाहिलं नाही, आमच्या मामंजींनी अंगणात रंगवून सांगितलेलं ऐकलंय. साहेबांची कंबर चामड्याच्या पट्ट्यात करकचून आवळलेली, आणि सकाळीच कुणीतरी त्यांना हुरडा आणि वांग्याचं भरीत आग्रह करकरून खाऊ घातलेलं. बांधावर साहेबांचा चेहरा पिवळा पडला. म्हणाले, "पेट में कुछ तो बी हो रा, आबा." सगळा गाव हात जोडून उभा. आबा पुढे झाले, "साहेब, पट्टा ढिला करा. पोटाला सरकार कळत न्हाई." मग डबी उघडली, ओवा दिला आणि साहेबांना हाताला धरून कडब्याच्या गंजीपलीकडे फिरायला घेऊन गेले. बाकीच्यांना दटावून ठेवलं, कुणी मागं यायचं नाही. थोड्या वेळानं साहेब परत आले ते हसतच. पुढे जेव्हा जेव्हा त्या बाजूला येत, आबांची चौकशी केल्याशिवाय जात नसत.

असा सगळ्यांनी हसण्यावारी नेलेला हा माणूस मी एकदा वेगळा पाहिला. सासूबाईंचं पोट दुखायला लागलं तेव्हाची गोष्ट. आदल्या दिवशी उपास होता, तो भगरीनं सोडलेला, त्यामुळे सगळ्यांनी ठरवून टाकलं की वारा धरलाय. पोट फुगलेलं. एका म्हातारीनं सांगितलं बेंबी सरकलीय, पोटावर दिवा ठेवून वर तांब्या लावा, आत ओढून घेतो. तांब्या घासून आणला, वात पेटवली. तेवढ्यात मामंजींनी आबांना हाक मारली. आबा आले, पदर ओढून पडलेल्या सासूबाईंपासून लांब उभे राहिले आणि मला म्हणाले, "इचार तिला, वारा सरला का?"

मी विचारलं. नाही म्हणाल्या. कालपासून नाही.

"उलटी?"

झाली होती. हिरवी.

"पोटाला हात लावून बग. मऊ हाय का?"

मी हात लावला. पाटा असतो तसं पोट होतं, आणि माझ्या नुसत्या स्पर्शानं त्या कळवळल्या. आबा खाली वाकले आणि कान देऊन ऐकलं, तेवढ्यापुरती लाज बाजूला ठेवून. एरवी फुगलेलं पोट गुरगुरतं, कुरकुरतं. हे गप्प होतं. आबांनी हातातली डबी उघडली होती, ती मिटून परत कनवटीला लावली. म्हातारीचा तांब्या काढून घेतला.

"गाडी जुपा," ते म्हणाले. "बीडला."

"अवो, वाराच हाय, सरंल सकाळपर्यंत," मामंजी म्हणाले.

"बोलतंय तवर वारा. ह्ये मुकं झालंय. आता माज्या डबीचं काम न्हाई."

इतक्या कडक आवाजात आबांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. बीडच्या दवाखान्यात सासूबाईंचं पोट उघडावं लागलं. आतडं अडकलं होतं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. त्या उठून घरी आल्या, पोटावर लांब वण घेऊन. आल्या दिवशी भिंतीला म्हणाल्या, "उपकार झाले म्हनावं." आबा भिंतीला म्हणाले, "भाकरी वाढा म्हनावं."

नंतर एकदा विहिरीवर मी त्यांना विचारलं की हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं. ते बैलाला पाणी पाजत होते. कासरा थोडा सैल सोडला. मग म्हणाले, "माजी बायको गेली तवा मी ओवाच देत बसलतो. रातभर. तिचं पोट असंच गप झालं व्हतं आन मला वाटलं, बरं वाटाय लागलं तिला." बैलानं तोंड वर काढलं, तसे ते निघून गेले. त्या डबीकडे पुन्हा मला हसून पाहता आलं नाही.

आता चंद्राच्या लग्नाचं सांगते. चंद्रा माझी नणंद. तिचं आधी एकदा ठरलं होतं. सुपारी फुटली आणि पाठोपाठ नवऱ्या मुलाची आजी गेली. आजी नव्वदीच्या घरातली, अंथरुणाला खिळलेली, पण बोल लागला चंद्राच्या पायगुणाला. लग्न मोडलं. त्यानंतर किती दिवस आमच्या दारात कुणी पाहुणा आला नाही. चंद्रा माणसांत यायची बंद झाली. आबांनीच वणवण फिरून वडवणीचं स्थळ आणलं. मुलगा गुणी, त्याचे वडील समजूतदार, पण त्याच्या आत्या होत्या आणि त्यांना आधीची हकीकत ठाऊक होती. मांडवात काही वाकडं घडू नये म्हणून सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले होते. त्या दिवशी साधं दूध उतू गेलं असतं तरी ते चंद्राच्या नावावर मांडलं गेलं असतं.

अक्षता पडल्या. पंगत बसली. पहिल्या पाटावर आबा. आम्ही बायका दाराआड उभ्या, खीर सासूबाईंच्या हातची. आबांनी पान संपवलं, हातावर पाणी घेतलं, डावा हात पोटावर ठेवला. माणसं गप्प झाली. आम्ही वाट बघतोय, बघतोय, आणि आबा उठून निघून गेले.

मांडवात कुजबुज सुरू झाली. आबा रुसले! आता लग्नात रुसणं आम्हाला नवीन नाही. व्याही रुसतात, मामा रुसतात, करवली तर रुसण्यासाठीच येते, आणि त्यांचा रुसवा काढायला माणसं जातात हाही लग्नाचाच एक भाग. पण आबा? ज्यांनी हे स्थळ आणलं ते? नवऱ्या मुलाचे वडील स्वतः उठले. मांडवामागच्या लिंबाखाली आबा पाठ करून बसले होते.

"आबा, आमचं काय चुकलं?"

"फेटा," आबा मान न वळवता म्हणाले. "मला पांढरा बांधला. मी पोरीचा कुनीच न्हाई व्हय? केशरी पायजे."

मामंजींनी आपला केशरी फेटा काढून पुढे केला. "दुसऱ्याच्या डोईचा नगं," आबा म्हणाले. मग कोरा फेटा आणायला माणूस धावला. तो आणला तर रंग फिका निघाला. एकामागून एक माणसं जात होती, गूळ देत होती, हात जोडत होती. आबांचं एकच: "पोरीची पाठवनी हू द्या, मग बोलू. तवर मला हितंच बसू द्या." मामंजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारपणी माणूस बिघडला, असं आमच्यातलेच म्हणू लागले. मला फार वाईट वाटलं.

पाण्याचा तांब्या घेऊन मी गेले. फेट्यासाठी रुसलेल्या माणसाला इतका घाम यायचं कारण नव्हतं. ओठ कोरडे, गुडघे पोटाशी घेतलेले. लिंबाच्या मुळाशी माती ओढून काहीतरी झाकलेलं. आबांनी कनवटीची डबी काढली, उघडली, आत पाहिलं आणि मिटून ठेवली. मग त्यांच्या लक्षात आलं की मी बघतेय.

"आबा, कवापासनं?"

"सकाळपासनं."

"मग जेवलात कावून?"

"पाट मांडला व्हता ना. न्हाई बसलो असतो तर इचारत बसले असते समदे." मग म्हणाले, "मांडवात मानूस आडवा पडला म्हंजे त्या आत्याबाया काय म्हनतील, ठावं हाय ना तुला? रुसलेल्या म्हाताऱ्याला कुनी पायगुन लावत न्हाई. गप ऱ्हा. चंद्रीची गाडी येशीभायेर जाऊ दे."

मी गप्प राहिले नाही. धावत सासूबाईंकडे गेले. चंद्रा सजवलेल्या गाडीत बसली होती, शेजारी नवरा, दोघांच्या शेल्यांची गाठ बांधलेली. सासूबाई गाडीशी उभ्या राहून तिची ओटी भरत होत्या. मी त्यांच्या कानात एवढंच सांगितलं, "आबांनी डबी उघडून मिटली." त्यांच्या ओंजळीतले तांदूळ तसेच राहिले. त्यांनी चंद्राकडे पाहिलं. मग आत्याबायांकडे पाहिलं. काय ऐकावं लागेल हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत होतं? तांदूळ त्यांनी चंद्राच्या ओटीत घातले, हात झटकले आणि पुरुषांच्या गर्दीतून सरळ लिंबाखाली गेल्या. डोक्यावरचा पदर मागे सरकला होता, तो त्यांनी ओढला नाही.

"दादा," त्या म्हणाल्या, "वारा सरला का?"

सगळा मांडव तिकडं बघू लागला. वऱ्हाडातलं कुणीतरी फिसकन हसलंसुद्धा. आबांनी सवयीनं बोलायला भिंत शोधली. तिथं भिंत नव्हती. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा सासूबाईंच्या तोंडाकडे पाहिलं.

"न्हाई," ते म्हणाले.

सासूबाई खाली बसल्या आणि गावादेखत त्यांच्या पोटावर हात ठेवला. ठेवला तसा उचलला. "जुपलेली गाडी कोनती हाय?"

बाकी गाड्यांचे बैल पाण्यावर नेले होते. जुपलेली एकच होती. "नवरीची गाडी?" एक आत्या ओरडली. "नवरी बसलीया तिच्यात! बसलेली नवरी उतरवत्यात व्हय? ह्या पोरीचं बगा परत…"

"मला काय बी झालं न्हाई," आबा लिंबाला धरून उठायला लागले. "चंद्रे, उतरू नगंस! बसून ऱ्हा!"

चंद्रा उतरली. जड शालू आवरत, बाशिंग सांभाळत, उडीच मारली तिनं. गाठ बांधलेली, त्यामुळे नवऱ्यालाही मागोमाग उतरावं लागलं. उतरलोच आहोत म्हणून त्यानं आबांना दुसऱ्या बाजूनं धरलं, आणि त्या दोघांनी मिळून त्यांना गाडीत निजवलं.

आबा बीडहून परत आले नाहीत. आमचे हे त्यांच्यासोबत गेले होते. डॉक्टरांनी पोट उघडलं, पण आतडं काळं पडलं होतं. सकाळीच आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती, असं म्हणाले. सकाळी आबा मांडवाला आंब्याचे डहाळे बांधत होते. चंद्राला आत्यांनी पुढे बोलून पाहिलं, तेव्हा तिचा नवरा म्हणाला, "गाडीतनं मी बी उतरलो व्हतो, माजा पायगुन काडा आदी." तिचा संसार चांगला झाला. सासूबाई भिंतीकडे पाठ करून जेवू लागल्या, त्या अखेरपर्यंत.

मला आबांचा अजून राग येतो. दुसऱ्याचं पोट गप्प झालं की गाव डोक्यावर घेणारा माणूस स्वतःच्या वेळी फेट्याचा हट्ट धरून बसतो! आता घरात कुणी म्हणालं, आजी, गॅस झालाय नुसता, की मी सगळं विचारून घेते. वारा सरतोय का, उलटी आहे का, पोट मऊ आहे का कडक, ताप आहे का. नातवंडं हसतात. हसू देत. शंका आली की मी ओव्याची बाटली लपवते आणि रिक्षा बोलावते. आणि मग रिक्षात बसल्यावर मनात येतं, एवढंच त्यांना कुणी सकाळी विचारलं असतं तर! एवढी वर्षं झाली, तरी ते परत येणार नाहीत हे मला पटत नाही.

नवरीच्या गाडीबरोबर बायकांनी वेशीपर्यंत चालत जायची आमच्याकडे रीत. त्या दिवशी आबा निजलेल्या त्या गाडीबरोबर आम्ही दोघीतिघी चालत होतो. घुंगरं वाजत होती, बैलांच्या शिंगांना गोंडे होते. वेशीत गावातल्या बाया नवरीला बघायला जमल्या होत्या, मांडवातलं त्यांना काही कळलं नव्हतं. आबांनी ते पाहिलं. गाडीत चंद्राचा दुसरा, हिरवा शालू घडी करून ठेवला होता, तो त्यांनी ओढून घेतला आणि डोक्यावरून पार तोंडावर घेतला. मला वाटलं, ऊन लागतंय.

सखूआई म्हणून एक म्हातारी होती, तिला फारसं दिसत नसे. गावातली कुठलीही लेक सासरी निघाली की ती वेशीत उभी राहायची. ती चाचपडत पुढे आली, गाडीला धरलं, शालूवरून डोक्यावर हात फिरवला आणि आपल्या कानशिलावर बोटं मोडली.

"सुकानं नांद गं माय," ती म्हणाली. "मागं वळून बगू नगंस."

शालूच्या आतून बारीक आवाज आला, अगदी नव्या नवरीचा येतो तसा, "व्हय, माय."

बाया हसल्या, एकीनं डोळे पुसले. गाडी बीडच्या रस्त्याला लागली. ती दिसेनाशी होईपर्यंत मी वेशीत उभी होते. आबांनी मागं वळून पाहिलं नाही.